धोंड्यांचा उतार

जानेवारी आला की माझं डोकं फिरतं. यंदा साताऱ्यात थंडी जरा जास्त पडली आहे, तर शेजारच्या बाई रोज सकाळी कुंपणावरून ओरडून सांगतात, "काय गुलाबी थंडी पडलीय हो!" थंडी गुलाबी नसते. थंडीला रंग नसतो, दयामाया नसते, आणि तिचं कौतुक करणाऱ्यांनी तिच्यात उघड्यावर कधी पाठ टेकलेली नसते. मीही टेकलेली नाही. पण एका हिवाळ्यात ती रजेवर आलेल्या माणसाच्या अंगात बसून माझ्या घरात मुक्कामाला आली होती, आणि तेव्हापासून माझं तिचं वैर आहे.

तेव्हा आम्ही जयपूरला होतो. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही म्हणजे मी आणि सात वर्षांची सायली. मेजरसाहेब, म्हणजे माझे यजमान, 'वर' होते. हिमालयातल्या चौकीला छावणीत एवढंच म्हणायचं, वर. नकाशावर बोट ठेवलं तरी तिथं नुसता तपकिरी रंग दिसायचा. ज्यांचे नवरे वर, त्यांच्या बायकामुलांसाठी छावणीच्या एका कडेला पिवळ्या क्वार्टर्सच्या रांगा होत्या. रांगांमधून रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड, एक चुन्यानं पांढरा केलेला, एक गेरूनं लाल. लष्कराला दगड दिसला की रंग फासल्याशिवाय चैन पडत नाही. दुपारी आम्ही बायका त्या दगडांवर बसून शेंगा फोडायचो, कुणाची बढती झाली, कुणाची बदली आली यावर तोंडाचा पट्टा चालायचा. नवरा कसा आहे, हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे.

जयपूरची थंडी कोरडी. टाचांना भेगा पडायच्या, ओठ हसले तरी फाटायचे, सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. कडुनिंबाखाली कुणी तरी पाला पेटवलेला असे आणि त्याचा धूर दुपारपर्यंत केसांतून जात नसे. सगळे तिथल्या रजईचं कौतुक करतात, काय हलकी, काय ऊबदार! हलकी असते खरी. इतकी हलकी, की अंगावर काही आहे की नाही तेच कळत नाही. मला आईनं शिवलेली जड गोधडी लागायची. एकटीनं झोपणाऱ्या बाईला अंगावर थोडं वजन हवं असतं.

मेजरसाहेब दोन महिन्यांच्या रजेवर आले ते असे, की सायली आधी माझ्या मागं लपली. तोंड भाजलेल्या वांग्यासारखं काळं, आणि डोळ्यांभोवती चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. वजन उतरलेलं. पहिल्याच दिवशी मी पाट मांडला, कारण घरी आले की मांडी घालून जेवायचं हा त्यांचा हट्ट. म्हणाले, "टेबलावरच वाढ." मी पाट उचलला. मला वाटलं, मेसची सवय लागली.

आणि मग ते दगडांबद्दल बोलायला लागले. माणसं रजेवर आली की माणसांबद्दल बोलतात. कोण भेटलं, कोण बरं, कोण आजारी, जेवायला काय मिळतं. आमचे मेजरसाहेब दगडांबद्दल बोलायचे. त्यांच्या भागात सर्वेक्षणासाठी एक भूगर्भवाला येऊन राहिला होता, त्यानं यांच्या डोक्यात ते खूळ भरलं होतं. चहा पिताना दगड, दाढी करताना दगड. मी विचारलं, "तुम्हाला माझी आठवण येत होती का?" तर म्हणाले, "अगं, तिथं मैलभर उतारावर मातीचा कण दिसत नाही." मी स्वयंपाकघरात निघून गेले.

रजेतल्या पहिल्या रविवारी आमेरचा किल्ला बघायला गेलो. बसमधून उतरल्या उतरल्या सायली हत्तीवरून वर जायचं म्हणून हटून बसली, आणि मेजरसाहेब खालच्या तळ्याच्या कट्ट्यावर बसले. "तुम्ही दोघी जाऊन या. मी किल्ले भरपूर पाहिलेत." लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला नऊवारीत अजिंक्यताऱ्यावर पळवत नेणारा हा माणूस. तो किल्ल्याच्या पायथ्याशी बसून किल्ले पुरे झाले म्हणतो? मी त्यांच्या शेजारी बसले. सायली रुसून आमच्याकडे पाठ करून बसली.

तिची समजूत घालायला त्यांनी समोरच्या डोंगराकडं बोट दाखवलं. "ते धोंडे बघ. ते वरच्या कड्यावरून सुटून गडगडत खाली आलेत. पण आमच्याकडं वर कडाच नाही. नुसता साधा उतार, आणि नजर पोचेल तिथवर धोंडे. ट्रंकेएवढे, जीपएवढे. मध्ये गवताची काडी नाही."

"मतलब, कुणी आणून टाकले?" सायलीचं मराठी असंच होतं, अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरणारं.

"कुणीच नाही. तिथल्या तिथं झाले. आधी तो सलग खडक होता. दिवसा ऊन पडतं, बर्फ वितळतं, पाणी खडकाच्या फटीत शिरतं. रात्री गोठतं. आई काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवू देत नाही ना? का?"

"फुटते."

"का फुटते? पाणी गोठलं की फुगतं. त्याला जागा लागते. फट आधी केसाएवढी असते. एका रात्रीत काहीही होत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिच्यात थेंबभर जास्त पाणी मावतं. परत गोठतं, परत वितळतं. किती वर्षं, कोण मोजणार? एक दिवस खडक चिरतो. मग त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे. उभा डोंगर जागच्या जागी मोडतो आणि आवाजसुद्धा होत नाही."

सायलीचे डोळे मोठे झाले. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. बोलताना उजवा हात गुडघ्यावर होता, आणि नुसता ठेवलेला नव्हता. दुखणाऱ्या दाताला आपण जीभ लावून बसतो, तसा तो तिथून हलत नव्हता.

पुढं कित्येक वर्षांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून मी हा सगळा विषय स्वतः वाचला. शत्रूची माहिती असावी माणसाला. मेजरसाहेबांनी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. फटीतलं बर्फ नुसतं फुगत नाही, ते आजूबाजूच्या खडकातलं पाणी स्वतःकडं ओढून घेतं आणि त्यावर वाढतं. जमिनीत पुरलेल्या दगडांनाही सुख नसतं. त्यांच्या खालची ओल गोठली की दगड किंचित वर उचलला जातो, वितळताना खालच्या पोकळीत बारीक माती सरकते, आणि दगडाला परत खाली जायला जागा उरत नाही. असं करत करत सगळे धोंडे वर येतात. मातीचा बारीक चुरा वितळलेल्या पाण्याबरोबर फटींतून खाली निघून जातो. उरतात ते एकमेकांवर कसेबसे टेकलेले धोंडे, उताराच्या कलानं दमानं सरकणारे. त्यातले कितीतरी उतार फार जुन्या, याहून कडक थंडीच्या काळात तयार झाले, आणि आज नुसते पडून आहेत. असल्या उताराला इंग्रजीत धोंड्यांचं शेत म्हणतात, असं मेजरसाहेब सांगायचे. शेत म्हणे! आमच्या वडिलांच्या शेतातही दर वर्षी दगड निघायचे, पण निदान त्यांच्यामध्ये ज्वारी यायची.

हे माझ्याकडून ऐकून एक बाई मला म्हणाल्या होत्या, "संसाराचंही असंच असतं, नाही? केसाएवढी फट, आणि मग..." मी त्या बाईंना तिथंच थांबवलं. संसाराचं असं नसतं. खडकाला नवरा नसतो. खडक खोटं बोलत नाही, आणि 'मला काही झालेलं नाही' म्हणत पायरी टाळत नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी मी तीळ भाजायला घेतले होते. मेजरसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, सगळा भार डाव्या पायावर. मी कढईतून नजर न काढता विचारलं, "अहो, गुडघ्याला काय झालंय?"

"कुठं काय?"

"मांडी घालता येत नाही. किल्ला चढत नाही. झोपेत कूस बदलायची तर पाय हातानं उचलून ठेवता. मला आंधळी समजता का?"

मग बोलले. पाऊसकाळ सरताना गस्तीवरून परतत होते. चढताना त्या धोंड्यांचा त्रास नसतो, म्हणाले, उतरताना ते दगा देतात. दिसायला घट्ट बसलेला धोंडा पाय पडताच कलंडला आणि यांचा पाय दोन धोंड्यांच्या मध्ये गेला. वरचं शरीर पुढं, गुडघा तिथंच. पट्टी बांधली, दोन दिवस तंबूत काढले, सोबतच्या जवानांना दम भरला, कुणी बोलायचं नाही.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की ते कागदावर येतं. मग खाली पाठवतात. माझी तुकडी दुसऱ्याला देतात. वरची मुदत पुरी केली नाही तर पुढची बढती विसरायची. आजवर झिजलो ते कशासाठी?"

"आणि परत त्याच उतारावर पाय अडकला तर?"

"तर काढीन."

"नाही निघाला, तर चार पोरं थांबतील तुम्हाला उचलायला. त्या थंडीत, त्या उघड्या उतारावर. त्या चौघांच्या आया कुठल्या कुठल्या गावात डोळे लावून बसल्यात. तुमच्या बढतीपायी त्यांनी का मरावं?"

तीळ करपले. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मेजरसाहेबांचा चेहरा असा झाला, की सायली बाहेरच्या खोलीतून आत यायची ती तिथंच थबकली.

"ती माझी पोरं आहेत," ते म्हणाले. "त्यांचं मला शिकवू नकोस. आणि एक शब्द बाहेर गेला, तर लक्षात ठेव, या घरात पाऊल टाकणार नाही."

मी कढई मोरीत आपटली. मला रडू आलं नाही. मला राग आला होता. त्यांचा आला, त्यांच्या साहेबांचा आला, त्या भूगर्भवाल्याचा आला. ज्या डोंगराला स्वतःला सांभाळता येत नाही, त्याच्यावर माझा नवरा चालवतात, आणि त्याचा पाय मोडला तर तो लपवणं म्हणजे मर्दुमकी! पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाहेर कुणाला सांगणार? आणि बायकोच्या सांगण्यावरून लष्कर कुणाचा गुडघा तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णीवहिनी आल्या. त्यांचे यजमान बँकेत, घर वैशाली नगरला. दर संक्रांतीला त्या सुगडात घालायला चौमू गावची बोरं आणून द्यायच्या. मी यांचं नाव न घेता विचारलं, एखादा माणूस दुखणं लपवून कामावर जात असेल तर बायकोनं काय करावं? वहिनी बोरं निवडत म्हणाल्या, "हे बघ, पुरुषांच्या नोकरीत बायकांनी पडू नये. आपण देवापुढं दिवा लावावा." बाई सालस होती, माझ्या अडीअडचणीला धावून यायची. पण त्या क्षणी ती बोरांची परडी तिच्या डोक्यावर उपडी करावी असं मला वाटलं. दिवा मी रोजच लावत होते. त्यानं गुडघे बरे होत नाहीत.

तिथंच मी ठरवलं. शब्द बाहेर जाऊ द्यायचा नव्हता ना? शब्दाची गरजच नव्हती.

जयपूरची संक्रांत घरात होत नाही, ती गच्चीवर होते. अख्खं शहर पतंग घेऊन वर चढतं. आमच्या क्वार्टरच्या मागं भिंतीला ठोकलेली एक सरळसोट लोखंडी शिडी होती, तेवढीच काय ती गच्चीची वाट. पलीकडच्या रांगेत कॅप्टन माथुर राहायचे, छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर. मूळचे जयपूरचेच, पतंगाचं नाव काढलं की ताटावरून उठणारे. मी त्यांना सायलीकरवी निरोप धाडला. ते लगेच स्वतःच आले. "भाभीजी, छत आपकी, पतंग मेरी! सर भी आएँगे न?"

"क्यों नहीं आएँगे?" मी मेजरसाहेबांच्या समोरच म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

चढले ते हातांच्या जोरावर. बघणाऱ्याला वाटावं, काय ताकद आहे. वर आभाळ पतंगांनी भरून गेलेलं, गच्च्यागच्च्यांवर कर्णे, आणि दर घटकेला कुठून तरी "वो काटा!" ची आरोळी. मी तिळाचे लाडू आणि दुधात भिजवलेली फीणी, म्हणजे तिकडची शेवयांसारखी मिठाई, वर पोचवली. मेजरसाहेब मांजा ओढत होते आणि माथुर मांज्याची चरखी धरून होते. एक पतंग काटला तेव्हा मेजरसाहेब इतके मोठ्यानं हसले, की सायली टाळ्या पिटत नाचली. त्या रजेत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. खरं सांगते, त्या वेळी माझा निश्चय डळमळला. हाताला धरून आधी मीच त्यांना हळूच खाली उतरवावं, असं मनात येऊन गेलं. पण मग परत गेले की कोण धरणार होतं? मी सायलीला घेऊन खाली आले आणि शिडीच्या पायथ्याशी उभी राहिले.

ऊन उतरलं. लष्करात धाकट्यानं थोरल्याच्या पुढं दारातून जायचं नसतं. माथुर म्हणाले, "सर, आप पहले."

"नहीं, तुम चलो. मैं चरखी समेट लूँ."

"वो मैं समेटता हूँ, सर. आप चलिए."

"कहा न, तुम चलो."

"सर, ऐसे कैसे? आप पहले."

खालून मला दोघांचे नुसते आवाज ऐकू येत होते. शेवटी मेजरसाहेबांची पाठ दिसली. दोन्ही हातांनी शिडी धरून, डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. परत डावा, परत उजवा. शिडीच्या मध्यावर आले आणि थांबले. उजवा गुडघा वाकलेला तो वाकलेलाच राहिला. ते हालेनात. मान वळवून त्यांनी खाली माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. फीणी, पतंग, माथुर, सगळं. इतक्या द्वेषानं माझ्याकडं आयुष्यात कुणी पाहिलेलं नाही.

"सर? घुटना अटक गया?" माथुर वरून वाकून बघत होते.

"पैर सो गया है."

"सोया हुआ पैर ऐसे नहीं अटकता, सर. कब से है?"

मेजरसाहेबांचे हात सुटायला आले होते. मी पदर खोचला, शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि त्यांची टाच माझ्या खांद्यावर घेतली. माझ्यावर भार टाकायला ते तयार नव्हते. मी खालून दातओठ खात म्हणाले, "टाका भार! हात सोडून पडायचंय का?" माथुरांनी वरून बखोटं धरलं होतं. टाकला शेवटी. पायरीपायरीनं उतरवलं मी त्यांना, आणि सायली बाजूला उभी राहून स्फुंदत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माथुर व्हरांड्यात उभे. आत आले नाहीत. "सर, आप खुद आ जाइए. वरना मुझे लिखना पड़ेगा." जाताना मला हळूच विचारलं, "भाभीजी, आपको पता था?" मी म्हणाले, "फीणी बची है, ले जाइए."

पुढचं सरळच झालं. दवाखाना, मोठा दवाखाना, तपासण्या. गुडघ्यातली गादी फाटलेली होती. वर जायचं नाही, असा शेरा बसला. तुकडी नागपूरच्या एका अधिकाऱ्याकडं गेली. मेजरसाहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हणून संक्रांतीच्या संध्याकाळी मी त्यांच्या हातावर लाडू ठेवला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवून दिला. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. तरी मी तो उचलला नाही, आणि त्यांनीही नाही.

ते मेजर म्हणूनच निवृत्त झाले. नागपूरचा तो अधिकारी मुदत पुरी करून सुखरूप खाली आला, पुढं बराच वर चढला, एकदा आमच्याकडं जेवूनही गेला. ती पोरंही सगळी धडधाकट आपापल्या घरी पोचली. कुणाला काही झालं नाही. आणि कुणाला काही झालं नाही, हाच मेजरसाहेबांच्या मते माझ्याविरुद्धचा पुरावा आहे. "मी गेलो असतो, तरी काही झालं नसतं," असं त्यांनी आजवर कितीदा तरी ऐकवलंय. मीही ऐकवते, "झालं असतं तर मला ऐकवायला कोण उरलं असतं?" यावर ते पेपर उघडतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोघांचाही.

पण खरं बोलणं एकदाच झालं. ज्या सकाळी त्यांची परतीची गाडी सुटायची होती, त्या सकाळी मी उठले तर हे व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले. पूर्ण युनिफॉर्ममध्ये, बूट चकचकीत केलेले, टोपी मांडीवर. कुठंही जायचं नव्हतं. गाडीची वेळ झाली, टळून गेली, तरी ते तसेच फाटकाकडं बघत बसले. मी चहा नेऊन समोर ठेवला आणि समोरच्या पायरीवर बसले. फाटकावरची नजर न काढता ते म्हणाले, "सुमन, मी तुला कधीही माफ करणार नाही."

"नका करू," मी म्हणाले. "पण ते माफ न करणं इथं बसून करा. माझ्यासमोर. म्हातारे होईपर्यंत."

माणूस शब्दाचा पक्का. आज हे लिहिते आहे, तर समोर अंगणात उन्हाला बसलेत, उजवा पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केलेला. केस पार पांढरे झालेत. अजून माफ केलेलं नाही.